अंक ते भडभुंजा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तोवर सहलीच्या, छड्यांच्या आणि मधल्या सुट्टीच्या आठवणी बाकीच्यांनी आपापसांत वाटून घेतल्या होत्या. माझ्या वाट्याला ग्रंथालयातलं कपाट उरलं.

आठवतंय ना? काचेची दारं, कुलूप आणि आत मराठी विश्वकोशाचे तोवर निघालेले जाडजूड खंड. "हात धुऊन या," असं बजावूनच बाई कुलूप काढायच्या. पहिल्या खंडावर 'अंक ते आतुरचिकित्सा' असं लिहिलेलं होतं. तो 'आतुर' म्हणजे उतावळा नव्हे, रोगी, हे बाईंनी सांगेपर्यंत आपण बराच वेळ हसलो होतो. जगात जे जे कळण्यासारखं आहे ते सगळं या कपाटात आहे, आणि जे इथे नाही ते कळण्याच्या लायकीचंच नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

संगणकाच्या धंद्यात वीसेक वर्षं काढल्यावर आता प्रश्न वेगळा पडतो. कपाटात काय ठेवायचं हे ठरवतं कोण? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

१७५१ साली पॅरिसमध्ये दनी दिदरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका ज्ञानकोशाचा पहिला खंड काढला. मूळ बेत एका इंग्रजी कोशाचं भाषांतर करण्याचा होता. तो वाढत वाढत १७ खंड मजकूर आणि ११ खंड चित्रं एवढा झाला. शेवटचे चित्रखंड यायला १७७२ उजाडलं. लिहिणारे दीडशेच्या घरात होते. त्यांतल्या एकट्या जोकूर नावाच्या गृहस्थाने सतरा हजारांच्या आसपास नोंदी लिहिल्या, म्हणजे जवळजवळ पाव कोश. पण मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट निराळी आहे. दिदरो सुऱ्याकात्र्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. धर्म, राज्य आणि तत्त्वज्ञान यांच्या रांगेत त्याने कारागिरांना आणून बसवलं. मोजे विणण्याच्या यंत्रावर त्याने स्वतः लांबलचक नोंद लिहिली आणि कारखान्यांतली अवजारं चित्रांतून दाखवली. हातांनी केलेल्या कामालाही ज्ञान म्हणायचं, हे छापून सांगणं तेव्हा साधं नव्हतं. कोशातल्या इतर मतांमुळे सरकारची वक्रदृष्टी होतीच. १७५९ मध्ये त्याचा परवानाही रद्द झाला, तरी काम गुपचूप चालू राहिलं.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी एडिंबरोमध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका निघाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत 'स्त्री' या विषयाला धड एक ओळही मिळाली नाही. 'मानव' ही नोंद पाहा, असं सांगून वाचकाची बोळवण केलेली आहे. जागा नव्हती म्हणावं, तर घोड्यांच्या रोगांना त्याच आवृत्तीत पानंच्या पानं दिली होती.

आपल्याकडे हे काम श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अंगावर घेतलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीत आणले. पुढे लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईहून विश्वकोशाचं काम सुरू झालं. पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसावा २०१५ मध्ये पुरा झाला. म्हणजे आपण कपाटासमोर हात पुसत उभे होतो, तेव्हा वर्णमाला अजून संपायची होती! आज हे खंड कुलूप न उघडता कोणालाही मोफत वाचता येतात. कपाटाच्या किल्लीसाठी आपण केलेल्या विनवण्या आठवल्या की हसू येतं.

या सगळ्या कोशांची एक अडचण सारखीच होती. कागद मोजका. एक विषय आत घ्यायचा तर दुसरा बाहेर ठेवावा लागे.

ही अडचण संपली ती आमच्या धंद्यातल्या एका साध्या युक्तीने. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता येईल अशी व्यवस्था बनवली आणि तिला 'विकी' म्हटलं. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं नाव त्याच्या डोक्यात राहिलं होतं. पुढे जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० मध्ये न्यूपीडिया हा तज्ज्ञांचा ज्ञानकोश सुरू केला. लेख सात चाळण्यांतून जायचा. पहिल्या वर्षभरात दोन डझनही लेख पार पडले नाहीत. म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी त्याच्या शेजारी, कच्चं काम म्हणून, विकिपीडिया उघडला. कच्च्यानेच पक्क्याला मागे टाकलं. वर्षभरात हजारो लेख झाले आणि २०२० च्या जानेवारीत एकट्या इंग्रजीत साठ लाखांचा टप्पा ओलांडला गेला. आता तीनशेहून अधिक भाषांत हा कोश आहे. त्यात पुंजभौतिकी आहे, वडापाव आहे, आणि शौचालयातल्या कागदाची गुंडाळी सुटं टोक पुढे ठेवून लावावी की मागे, यावर संदर्भांसह भलामोठा लेखही आहे.

मग आता सगळंच आत आलं का? इथे माझ्यातली इंजिनिअर थोडी शंकेखोर होते.

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वयंसेवकाने छोटा प्रोग्राम लिहून अमेरिकेतल्या गावांवर आणि परगण्यांवर सुमारे ३०,००० लेख तयार केले. हे जमलं, कारण तिथल्या जनगणनेचे आकडे संगणकाला वाचता येतील असे आणि कोणालाही वापरायला मोकळे होते. चारशे वस्तीच्या अमेरिकी खेड्याला पान मिळालं, ते खेडं थोर होतं म्हणून नव्हे. त्याची नोंद आधीच कोणीतरी नीट करून ठेवली होती, म्हणून.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. अगदी सुरुवातीच्या लेखांत 'वसंत पंचमी' होता आणि बालकवींच्या 'औदुंबर' कवितेवरचा लेखही होता. हो, आपण पाठ केलेली तीच. त्या काळात संगणकावर मराठी लिहिणं म्हणजे दिव्य होतं. प्रत्येक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा फाँट वेगळा, आणि तो आपल्या संगणकावर नसला की पडद्यावर नुसती रांगोळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण ती अक्षरं घराघरांतल्या संगणकांवर नीट दिसायला विंडोजच्या पुढच्या आवृत्त्या यायला लागल्या. अशा दिवसांत ज्यांनी तिथे एकेक ओळ टाइप केली, त्यांना माझा नमस्कार. मी तेव्हा नव्या नोकरीत होते आणि हे काम दुसरं कोणीतरी करील, असं मानून गप्प होते.

२०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा माझी ही समजूत मोडली. विजेत्यांत डॉना स्ट्रिकलंड होत्या. हा मान मिळालेल्या त्या इतिहासातल्या तिसऱ्याच स्त्री. त्यांच्यासोबत गौरवलेल्या जेरार मूरू यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात आधीपासून लेख होता. स्ट्रिकलंड यांच्यावर नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कोणीतरी मसुदा दिला होता, तो पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. नियम चुकीचा नव्हता. स्वतंत्रपणे छापून आलेल्या मजकुराचा आधार लागतो, आणि बायकांच्या कामाबद्दल तो मजकूर मुळातच कमी लिहिला गेलेला असतो. २०१५ च्या सुमारास इंग्रजीतल्या चरित्रलेखांत स्त्रियांचे लेख जेमतेम पंधरा टक्के होते. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून ते प्रमाण आता वीसच्या आसपास आणलं आहे. कागदाची टंचाई संपली, पण जे कधी कोणी लिहूनच ठेवलं नाही त्याला अमर्याद जागा असूनही उपयोग नाही.

याचा प्रत्यय मला गेल्या दिवाळीत आला. शाळेमागच्या गल्लीतल्या भडभुंज्यांच्या भट्ट्या आठवतात? भात भिजवून, उकडून, वाळवून, तांदूळ काढायचे, त्यांना मिठाच्या पाण्याचा हात लावायचा आणि तापलेल्या वाळूत टाकायचे. क्षणात कढईभर चुरमुरे! मधल्या सुट्टीत आठ आण्यांचा पुडा चौघींत पुरायचा. आपल्याच वर्गातल्या दोघांची घरं त्या भट्ट्यांवर चालायची. आता एकही पेटत नाही. मी लेख लिहायला बसले आणि अडले. वाळू कुठून आणायचे, ती तापली हे कशावरून ओळखायचे, कोणत्या भाताचे चुरमुरे चांगले फुलायचे, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. आणि आपल्या गावच्या भट्ट्यांबद्दल छापलेली एक ओळही मला सापडली नाही. दिदरो मोज्यांच्या यंत्राजवळ उभा राहिला होता. मी पाच वर्षं रोज त्या भट्ट्यांसमोरून गेले आणि फक्त चुरमुरे खाल्ले.

म्हणून ही विनंती. ही स्मरणिका उद्या कोणी संदर्भ म्हणून मानेल की नाही, यावर वाद होईल. पण छापलेलंच नसेल तर वादालाही जागा उरणार नाही. तुमच्यातले कोणी शेती करतात, कोणी गॅरेज चालवतात, कोणी परिचारिका आहेत, कोणी बँकेतून निवृत्त व्हायच्या बेतात आहेत. तुमच्या कामातलं, घरातल्या धंद्यातलं, आईच्या हातातलं जे कुठेच लिहिलेलं नाही, ते दोन पानं लिहून द्या. शुद्धलेखन बाई तपासतीलच.

आणि त्या दोघांपैकी एकाचे वडील आज ऐंशीच्या पुढे आहेत, असं कळलं. स्नेहमेळाव्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे वही घेऊन जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर सांगा. हात धुऊन या, मात्र.