खिळ्यांच्या केसपासून कळफलकापर्यंत

मराठी मुद्रणव्यवसायात कसब हेच भांडवल मानले गेले. शालेय वा विद्यापीठीय पदवी ही त्यात शिरण्याची अट कधीच नव्हती. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अल्प वेतनावर खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, घासण्यापासून सुरुवात केली, १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना उभारला. या परंपरेतील जुळाऱ्यांवर, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांवर, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अर्धे आयुष्य सरल्यावर संगणक शिकण्याची वेळ आली. मराठीतील संगणकीकरणाचा इतिहास बहुधा अभियंत्यांच्या बाजूने सांगितला जात असल्याने हे स्थित्यंतर काहीसे दुर्लक्षित राहिले आहे.

जुळाऱ्याचे काम वरवर यांत्रिक दिसे, परंतु तसे ते नव्हते. केस म्हणजे लहान लहान घरांचा लाकडी खण. देवनागरीत पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेलांट्या आणि मात्रा यांसाठी अशी शेकडो घरे लागत आणि कोणता खिळा कोणत्या घरात आहे हे जुळाऱ्याच्या हाताला न पाहता ठाऊक असावे लागे. डाव्या हातातील स्टिकमध्ये, म्हणजे ओळीच्या लांबीचे माप ठरवता येणाऱ्या धातूच्या पट्टीत, तो उलट्या दिसणाऱ्या अक्षरांची ओळ लावी, शब्दांमधील जागा कमीजास्त करून ती मापात बसवी आणि लेखकाच्या हस्ताक्षरातले ऱ्हस्वदीर्घही जाता जाता सुधारून घेई.

१९८५ मध्ये पेजमेकर ही पाने जुळवण्याची आज्ञावली आली आणि पुढील काही वर्षांत आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले, संगणकावर भारतीय लिप्या आणणारे जिस्ट तंत्र, १९८८ मध्ये स्थापन झालेली पुण्याची सी-डॅक संस्था, तसेच श्री-लिपी, आकृती यांसारखी अक्षरसंचांची उत्पादने यांमुळे डीटीपी, म्हणजे टेबलावरच्या संगणकावर होणारी अक्षरजुळणी, मराठी छापखान्यांच्या आवाक्यात आली. या बदलात केसची पाठ झालेली घरे आणि उलटे वाचण्याची सवय निरुपयोगी ठरली. ओळ कोठे तोडावी, पान कोठे मोकळे ठेवावे, कोणते जोडाक्षर उभे आणि कोणते आडवे शोभते ही जाण मात्र मोलाचीच राहिली, आणि ती शिकवणारा अभ्यासक्रम त्या काळी सहजी मिळणारा नव्हता.

कळफलकाच्या प्रश्नात जुनी सवय आणि नवे यंत्र यांचा हा संघर्ष विशेष स्पष्ट दिसतो. शासनाने पुरस्कृत केलेल्या इन्स्क्रिप्ट या रचनेत उच्चाराचा क्रम पाळला जातो, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी द्यावी लागते. उलट टंकलेखन यंत्राच्या रचनेत वेलांटी आधी येते, कारण कागदावर ती डावीकडे असते, आणि खिळे लावतानाही हात त्याच क्रमाने चाले. तर्कदृष्ट्या इन्स्क्रिप्ट अधिक सुसंगत असूनही छापखान्यांत जुनी रचना दीर्घकाळ टिकली, यामागे टंकलेखनवर्गांतून आलेल्या तरुण-तरुणींच्या सवयीइतकाच जुळाऱ्यांच्या हाताचाही वाटा मानणे वाजवी ठरेल.

सर्वांनाच हे स्थित्यंतर साधले, असे नाही. ज्यांची दृष्टी अधू झाली होती किंवा ज्यांच्या मालकाला नवे यंत्र परवडले नाही ते व्यवसायाबाहेर पडले, काही बांधणीकडे वा मुद्रितशोधनाकडे वळले, आणि शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे खिळे भंगारात वजनावर विकले गेले.

जे टिकले त्यांनी जुळवलेल्या मजकुराची एक अडचण मात्र पुढे उरली. त्या काळातील अक्षरसंच बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिले होते, त्यामुळे ते मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत, आणताना रूपांतरणात रफार आणि जोडाक्षरे बिघडतात आणि ती दुरुस्त करण्यासाठी आजही मुद्रितशोधकालाच बसावे लागते.