विज्ञानाची परीक्षा : पाठांतराकडून विचाराकडे

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण सुरू केले आणि त्यासाठी तेथील भाषांतर विभागात विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणली गेली. ही कामगिरी लहान नव्हे. मात्र परीक्षेचा प्रश्न तिथे काय किंवा मुंबई इलाख्यात काय, बहुधा एकाच साच्याचा असे : व्याख्या द्या, नियम लिहा, आकृती काढा.

हा साचा मोडण्याचा एक मोठा प्रयत्न म्हणजे एन.सी.ई.आर.टी.ची विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा. १९६३ मध्ये ती फक्त दिल्लीत झाली, पुढच्या वर्षी देशभर. लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याने केलेला प्रकल्प आणि मुलाखतही तीत होती. पण माध्यम इंग्रजी! खेड्यातल्या मुलाला ते दार बंदच होते. १९७६ नंतर ती भारतीय भाषांतून होऊ लागली.

खरा धडा मात्र जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याने दिला. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने त्या परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की अडचण विज्ञानाची कमी, पुस्तकी भाषेची जास्त. भाषा सोपी करताच मुलांचे आकलन सुधारले. आपण ज्याला 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसवतो, तो कदाचित फक्त संस्कृतप्रचुर शब्दांशी झगडत असतो. घरी दख्खनी बोलणाऱ्या आपल्या मुलांबाबत तर हे अधिकच लागू आहे, मग ती मराठी शाळेत असोत की उर्दू.

१९८१ पासून मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या संघटनेने सहावी व नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतली. लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प व मुलाखत. मुलगा हाताने काय करतो, हेही तीत पाहिले गेले.

आमच्या उन्हाळ्यातले उदाहरण घ्या. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' या प्रश्नाने फक्त स्मरण कळते. त्याऐवजी विचारा : 'जुन्या माठापेक्षा नव्या माठात पाणी जास्त गार होते म्हणतात, खरे की खोटे, कसे तपासशील?' दोन्ही माठ एकाच आकाराचे हवेत, पाणी सारखे, जागा एकच, तापमापी एकाच वेळी पाहायची, असे जो सांगेल, त्याला 'बाष्पीभवन' हा शब्द आठवला नाही तरी मी निम्म्याहून अधिक गुण देईन. आणि माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात, हे त्याच्या आईला आधीपासून ठाऊक असण्याचाही संभव आहे. पालकांनी तिलाही विचारून पाहावे.