मंदिराआधीचे मंदिर

देवालय दुरून ओळखू येते ते कळसामुळे. परंतु भक्ताच्या मनात राहते ती त्याची आतली जागा. समईचा मंद उजेड, सभामंडपातील गारवा, टाळमृदंगाचा घुमणारा नाद, या गोष्टी कळसाकडे पाहून कळत नाहीत. दगड, विटा व चुना यांनी भिंती होतात; देवालय होते ते भिंतींमधील पोकळीने.

ही पोकळी कागदावर नीट उमटत नाही. तालुका कचेरीत बांधकामाचे नकाशे नेहमी नजरेखालून जातात. त्यांवर लांबी, रुंदी, उंची सर्व लिहिलेले असते. पण आत उभे राहिल्यावर कसे वाटेल, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणूनच जगातील थोर कारागिरांनी आधी हाताने लहान नमुना केला व मग मोठ्या कामाला हात घातला. धर्म कोणताही असो, प्रार्थनास्थळ बांधणाऱ्याची अडचण एकच. त्या दृष्टीने पुढील हकिगती वाचाव्यात, ही विनंती.

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या मुख्य चर्चवर सुमारे १४० फूट रुंदीचा घुमट बांधायचा होता. त्याचा आकार १३६७ सालीच विटांच्या नमुन्यावरून ठरला होता. परंतु एवढा घुमट उभारावा कसा, हे कोणासच ठाऊक नव्हते. अखेर १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली व २०० सुवर्णनाण्यांचे बक्षीस लागले. फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांनी विटा व चुन्याचाच मोठा नमुना बांधला आणि खालून लाकडी आधार न देताही घुमट उभा राहू शकतो, हे दाखवले. लाकडाच्या नमुन्याने ही खात्री पटली नसती. १४२० साली काम सुरू झाले व १४३६ साली घुमट पुरा झाला. दगड कसा घडवावा हे गवंड्यांना समजावे म्हणून ते मेण, माती, लाकूड, इतकेच नव्हे तर सलगमचे कंदही कोरून दाखवीत, असे त्यांचे जुने चरित्रकार सांगतात.

रोम येथील सेंट पीटर चर्चची गोष्ट निराळी आहे. अंतोनिओ दा सांगाल्लो यांच्या आराखड्याचा लाकडी नमुना १५३९ ते १५४६ अशी सात वर्षे चालला. तो सुमारे २४ फूट लांब, २० फूट रुंद व १५ फूट उंच असून आजही जपलेला आहे. सांगाल्लो १५४६ साली वारले व काम मायकेलअँजेलो यांच्याकडे आले. या रचनेत आत उजेड येणार नाही व अंधारे कोपरे राहतील, असा आक्षेप घेऊन त्यांनी ती बाजूस सारली. जुन्या नमुन्यास ४,००० स्कुदींहून अधिक खर्च झाला होता. मायकेलअँजेलो यांनी आपला नमुना १५ दिवसांत २५ स्कुदींत केला, असे चरित्रकार वासारी यांनी नोंदवले आहे. नमुन्याचा मोठेपणा खर्चात नसून तो आतली जागा किती खरी दाखवतो यात असतो, हेच यावरून दिसते.

लंडनमध्ये १६६६ साली मोठी आग लागून सेंट पॉल चर्च जळाले. ख्रिस्तोफर रेन यांनी १६७३-७४ साली ओक लाकडाचा २० फुटांच्या आसपास लांबीचा नमुना करवून घेतला. राजाला तो पसंत पडला. धर्मगुरूंना मात्र तो रूढ पद्धतीचा वाटला नाही. रचना बदलावी लागली. परंतु वाद लाकडावरच मिटला, चढवलेला दगड उतरवण्याची पाळी आली नाही.

स्पेनमधील आंतोनी गौदी यांची रीत सर्वांहून वेगळी. बार्सिलोनाजवळील एका चर्चसाठी त्यांनी दोऱ्या टांगून त्यांना शिशाच्या गोळ्यांच्या लहान पिशव्या बांधल्या. ओझ्याने दोरीला जो बाक येई त्याचे छायाचित्र उलटे धरले की कमानीचा योग्य आकार मिळे. सग्रादा फामिलिया या मोठ्या चर्चसाठी त्यांनी प्लास्टरचे नमुने केले. १९३६ साली यादवी युद्धात त्यांची मोडतोड झाली. पुढच्या पिढ्यांनी ते तुकडे जुळवून आतील खांब व छताचे काम नेले आणि २०१० साली त्या वास्तूचे विधिवत अर्पण झाले. कर्ता गेला तरी नमुन्याने त्याचे मनोगत सांगितले.

हे सर्व आपल्या गावाला परके नाही. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा बुरूज कोठे व दरवाजा कोठे याचा वाद मातीतच मिटवतात. आपल्या गाभाऱ्याचे व कळसाचे काम दात्यांच्या औदार्याने तडीस गेले. आता सभामंडपाची पाळी आहे. जुने लाकडी खांब ठेवावेत की काढून सलग स्लॅब टाकावा, याबद्दल गावात दोन मते आहेत. दोन्ही बाजूंचा भाव देवाविषयीच आहे.

तरी समितीस नम्र सूचना की, पुठ्ठा, बांबूच्या कामट्या व शाडू यांचे दोन नमुने गावातील सुतारांकडून करून घ्यावेत : एक खांबांसह, दुसरा खांबांवाचून. फुटाला एक इंच धरल्यास ४० फुटांचा मंडप ४० इंचांत बसेल. छत उचलता येईल असे ठेवावे. दिशा साधून नमुना उन्हात ठेवला म्हणजे काकड आरतीनंतर कोवळे ऊन कोठवर पोहोचते, कीर्तनाला बसलेल्या आयाबहिणींना खांबाआडून मूर्ती दिसते की नाही, हे सर्वांना समजेल. स्लॅबचा भार जुन्या भिंती पेलतील काय, हे मात्र इंजिनिअरसाहेबांनाच विचारावे.

नमुना मोडून पुन्हा करता येतो. एकदा पाडलेला जुना खांब परत उभा राहत नाही. दात्यांचा पैसा व पूर्वजांचे काम या दोहोंची लाज राखण्याची सुबुद्धी ग्रामदैवत आपणा सर्वांस देवो, हीच प्रार्थना.