गाजर गवत : आगमनाचा प्रवाद आणि नियंत्रणाचा इतिहास

महाराष्ट्रातील पडीक जमिनी, रेल्वेमार्गाच्या कडा व शेतांचे बांध व्यापणाऱ्या गाजर गवताचा इतिहास बहुधा एकाच वाक्यात सांगितला जातो : अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाबरोबर हे तण भारतात आले. हे विधान इतके रूढ झाले आहे की ते कालक्रमाच्या कसोटीवर तपासण्याची गरज सहसा कोणास भासत नाही.

मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती पुण्यात १९५५ मध्ये आढळली व आर. शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. पीएल-४८० अन्वये भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. अर्थात रोप आधी आणि करार नंतर! अमेरिकी गहू १९५१ च्या कर्जयोजनेतूनही आला होता. तो मार्ग संभवतो. शिवाय डेहराडून येथील वनस्पतिसंग्रहातील १८८० च्या नमुन्याचा दाखला अभ्यासक देतात. तेव्हा पीएल-४८० चा गहू हे फार तर प्रसाराचे कारण ठरते, प्रथम आगमनाचे नव्हे. तरीही ‘काँग्रेस गवत’ हे नाव जनमानसात रुजले, ते वनस्पतिशास्त्रापेक्षा राजकारणाशी अधिक जवळचे आहे.

नियंत्रणाच्या इतिहासातही संशयाने पुराव्यास मागे टाकल्याचे दिसते. एक रोप हजारो बिया देते आणि उपटणाऱ्यास त्वचादाह होतो. त्यामुळे केवळ खुरपणी अपुरी पडली. कर्नाटकाने १९७५ मध्ये कायद्याने यास उपद्रवी तण ठरविले. पण कायद्याने तण हटत नाही. पुढे मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगा चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. त्याने गवताची पाने फस्त केली. मात्र १९९१ च्या सुमारास तो सूर्यफुलावर दिसताच शेतकऱ्यांत घबराट पसरली. गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडल्याने भुंगा ती कुरतडतो व पिकाची हानी नगण्य असते, असे संशोधनातून पुढे आले. पण तोवर भुंग्याची बदनामी झालेली होती.

भुंग्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. तो पावसाळ्यात सक्रिय असतो व कोरड्या ऋतूत जमिनीत निद्रिस्त राहतो. गाजर गवत मात्र ओलावा मिळेल तेथे बारमाही उगवते.