चांदा, १८१८ : पेशवे येताहेत!

२४ नोव्हेंबर १८१७, नागपूर.
पुण्याहून आलेली खिलत आणि सेनापतिपदाचा मान नागपूरकर आप्पासाहेब भोसले जाहीर समारंभात स्वीकारतात. मान देणाऱ्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याचं पुणं आठवड्यापूर्वीच, १७ तारखेला, इंग्रजांनी घेतलंय. वस्त्रं पोहोचली, फौज मागाहून येईल म्हणायचं! दोन दिवसांनी सीताबर्डीवर लढाई जुंपते आणि भोसले हरतात.

१५ मार्च १८१८. चांदा पडायला ६६ दिवस.
रेसिडेंट जेंकिन्स आप्पासाहेबांना अटक करतो. ठपका असा, की बाजीरावाला भोसल्यांच्या चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, बोलावण्याची आतून खलबतं चालली होती. बेत वाईट नव्हता. गोंड राजांचा भक्कम परकोट, त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर असे चार दरवाजे, बाजूंना इरई आणि झरपट, आणि पूर्वेला आजच्या गडचिरोलीपर्यंत रान. दोन्ही फौजा इथे एकत्र आल्या असत्या, तर इंग्रजांना ते जड गेलं असतं. अडचण एकच होती. पेशव्याने यायला हवं होतं.

एप्रिलची सुरुवात.
आणि तो खरंच येतो! निदान वर्धा नदीपर्यंत. पुढे आलेल्या तुकडीला कर्नल स्कॉट वरोऱ्याजवळ हुसकावतो. वरोऱ्याहून चांदा घोड्यावर एका दिवसाचं.

१७ एप्रिल. ३३ दिवस.
इंग्रज सेनानी डव्हटनला चुकवायला निघालेला बाजीराव पांढरकवड्याजवळ शिवणीला थेट कर्नल अॅडम्सच्या पुढ्यात येतो. उरलेल्या तोफा जातात, खजिना जातो, बाजीराव मात्र सुटतो. खडकीची लढाई त्याने पर्वतीवरून पाहिली होती. आष्टीला त्याचा सेनापती बापू गोखले पडला तेव्हा हा निसटला होता. चांद्याच्या तटावरून पाहणाऱ्याला या मित्राच्या युद्धनीतीत एक सातत्य दिसलं असेल. घोडा कायम तयार.

९ मे. ११ दिवस.
अॅडम्स चांद्यापुढे तळ देतो. वैशाखातलं चांदा काय असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आत किल्लेदार गंगासिंग आणि दोन हजारांहून जास्त शिबंदी, त्यात अरबही. शरण जा किंवा लढा, असा हुकूम देणारं वर कोणी उरलेलंच नाही.

१३ मे. सात दिवस.
जबलपूरजवळ रायचूरला आप्पासाहेब पहाऱ्यातल्या शिपायांना फितवून, शिपायाच्याच वेशात पळतात. धाडस खरंच होतं. पण ते गेले महादेवाच्या डोंगराकडे. चांद्याचा मित्र आधीच पळाला होता, आता धनीही दुसऱ्या वाटेने गेला.

१९ मे, सकाळ.
तटाच्या आग्नेय कोपऱ्यावर तोफा सुरू होतात. मैलोगणती लांबीच्या तटाचं दुखणं हेच. राखायचा सगळा, फोडणाऱ्याला पुरतो एक कोपरा. दगड ढासळतात, खाली ढीग साचतो, आणि त्या ढिगाचाच चढाव होतो.

१९ मे, संध्याकाळ.
खिंडार चढण्याजोगं झालंय. हल्ला उद्यावर ढकलला जातो. आतल्यांच्या हाती एक रात्र. पेशवा येणार नाही हे एव्हाना शेवटच्या शिपायालाही कळलेलं असणार. तरी गंगासिंग दरवाजा उघडत नाही.

२० मे, सकाळ.
स्कॉट आणि पॉफम या इंग्रज अधिकाऱ्यांच्या तुकड्या खिंडारातून चढतात. तटावर आणि गल्ल्यांत झुंज होते. गंगासिंग लढताना पडतो. चांदा पडतं.

३ जून १८१८.
चौदाव्या दिवशी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन होतो. या वेळी मात्र त्याने अटी नीट घासून घेतल्या. सालीना आठ लाखांचं पेन्शन आणि गंगेकाठी बिठूरला मुक्काम. ते पेन्शन त्याने १८५१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत घेतलं.