किट कारला लगेज कॅरियर कसं बसवतात? पत्रा नाही, चासी शोधा!

मंडळी, दोन माणसं, चार दिवसांची सहल आणि सामानाला जागा जेमतेम एका बॅगेची! ब्रिटनमध्ये ज्यांच्या दारात 'लोटस सेव्हन' किंवा 'कॅटरहॅम सेव्हन' उभी असते, त्यांना हा प्रश्न दर सुट्टीत पडतो. त्यावरचं उत्तर म्हणजे गाडीच्या पाठीवर बसवलेलं लगेज कॅरियर. दिसायला सायकलच्या कॅरियरचा मोठा भाऊ, पण ते चुकीच्या जागी बसवलं तर बॅग हायवेवर मागच्या गाडीसमोर जाऊन पडू शकते. म्हणून हे काम नीट कसं करतात ते आज पाहूया.

आधी किट कार म्हणजे काय?

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घ्यायची आणि घरी जोडायची गाडी. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' बाजारात आणली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर 'परचेस टॅक्स' लागायचा, सुट्या भागांवर तो वाचायचा. त्यामुळे अनेकांनी गॅरेजमध्ये स्वतःच पाने फिरवले. १९७३ मध्ये तिथे परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि तो फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कार्सकडे गेले. ही गाडी आजही किटच्या रूपात मिळते. वेस्टफील्डसारख्या इतर कंपन्यांनीही याच धर्तीच्या गाड्या काढल्या.

सेव्हनचं वजन साधारण ५०० किलो. आपली जुनी मारुती ८०० सुद्धा साडेसहाशेच्या आसपास होती, म्हणजे विचार करा! हे वजन कमी ठेवण्यासाठी लोखंडी पाईपांचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, अशी तिची रचना आहे. कॅरियरची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

बाजारातलं तयार कॅरियर का चालत नाही?

एमजी किंवा ट्रायम्फच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना डिकीचं पत्र्याचं झाकण असतं. त्याच्या कडांना पकडणारी तयार कॅरियर मिळतात. सेव्हनला असं झाकणच नाही. सीटच्या मागे छोटासा खड्डा आणि त्यावर कापडी कव्हर, एवढीच तिची डिकी. मागच्या बाजूला बहुतेकदा स्टेपनी लटकलेली असते. म्हणून इथे कॅरियर एक तर याच गाडीसाठी बनवलेलं घ्यावं लागतं, नाहीतर स्वतः बनवावं लागतं.

पत्र्यावर कॅरियर का बसवायचं नाही?

आता थोडं गणित करू, घाबरू नका. समजा कॅरियरवर २० किलो सामान आहे. गाडी खड्ड्यात आदळली की त्याचा दणका क्षणभर कितीतरी जास्त बसतो. आपण तो तिप्पट, म्हणजे ६० किलो धरू. सामानाचा मध्य जोडणीपासून ३० सेंटीमीटर बाहेर आहे आणि वरच्या व खालच्या बोल्टमध्ये १५ सेंटीमीटर अंतर आहे. तरफेच्या नियमाने वरच्या बोल्टांवर मागे ओढणारा जोर येतो ६० × ३० ÷ १५ = १२० किलो!

म्हणजे २० किलोच्या बॅगा आणि बोल्टांवर १२० किलोचा हिसका. पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावला असेल तर आधी भोक लांबट होतं, मग कडेला तडा जातो आणि एक दिवस पत्रा फाटतो. फायबरची बॉडी असेल तर भोकाभोवती भेगा पडतात.

उपाय दोन. पहिला म्हणजे भार थेट सांगाड्याच्या पाईपांवर किंवा तिथेच पक्क्या बसलेल्या स्टेपनीच्या ब्रॅकेटवर द्यायचा. दुसरा म्हणजे वरच्या आणि खालच्या आधारांमधलं अंतर वाढवायचं. वरच्या उदाहरणात ते १५ ऐवजी ३० सेंटीमीटर केलं की जोर निम्मा, म्हणजे ६० किलोवर येतो.

बनवण्याची पद्धत

१. आधी खोटं कॅरियर बनवा. पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा पाईप घेऊन नमुना तयार करायचा आणि गाडीवर धरून बघायचा. कापडी टप उघडतो-मिटतो का? पेट्रोलचं झाकण उघडतं का? स्टेपनी निघते का? सामान ठेवल्यावर मागचे दिवे आणि नंबर प्लेट दिसते का? ब्रिटनमध्ये नंबर प्लेट झाकणं हा गुन्हा आहे, आणि दिवे झाकले तर मागच्याला तुमचा ब्रेक दिसणारच नाही.

२. पाईप निवडा. साधा लोखंडी पाईप स्वस्त, वेल्डिंगला सोपा, फक्त गंजू नये म्हणून पावडर कोटिंग करावं लागतं. स्टेनलेस स्टील दिसायला छान आणि टिकाऊ, पण वाकवायला अवघड. ॲल्युमिनियम हलकं, पण वेल्डिंगच्या आजूबाजूला कमजोर होतं आणि सततच्या कंपनांनी त्याला तडे जाऊ शकतात.

३. वेल्डिंग गाडीवर करू नका. सेव्हनची पेट्रोलची टाकी मागच्याच भागात असते. ठिणगी उडाली तर काय होईल, वेगळं सांगायला नको. कॅरियर टेबलावर जोडून घ्यायचं. भोक पाडण्याआधीही पत्र्यापलीकडे टाकी, पेट्रोलची नळी किंवा वायर नाही ना, हे बघायचं. जस्ताचा मुलामा असलेल्या पाईपवर वेल्डिंग केलं तर विषारी धूर होतो, म्हणून मुलामा आधी घासून काढायचा.

४. रोल बारला भोक नाही. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाईप म्हणजे रोल बार. त्याला आधार घ्यायचाच असेल तर रबर लावलेला क्लॅम्प वापरायचा. भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही करायचं नाही. सीट बेल्टच्या बोल्टवर तर कॅरियर अजिबात अडकवायचं नाही.

५. लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगळे ठेवा. पावसात भिजलेले हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खराब होऊ लागतं. स्टेनलेस स्टीलबरोबरही तेच होतं. मधे रबर किंवा नायलॉनचा वॉशर घालायचा. कंपनांनी सुटू नयेत म्हणून नायलॉन-लॉकचे नट वापरायचे. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे.

६. टोकं गोल ठेवा. पाईपची उघडी टोकं बंद करायची, कडा घासायच्या. मागून कोणी सायकलवाला धडकला तर त्याला इजा होता कामा नये. ब्रिटनमध्ये घरी जोडलेली नवी गाडी नोंदणीआधी 'आयव्हीए' नावाच्या तपासणीतून जाते आणि तिथे बाहेर आलेल्या धारदार भागांवर गाडी नापास होऊ शकते.

सामान किती ठेवायचं?

कॅरियर मागच्या चाकांच्याही मागे असतं. सेव्हनच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण सव्वादोन मीटर आहे. मागच्या चाकांपासून ७० सेंटीमीटर मागे २० किलो ठेवले, तर सी-सॉसारखं होऊन पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ६ किलोने कमी होतो आणि मागच्यांवर २६ किलोने वाढतो. एवढ्या हलक्या गाडीत मागच्या चाकांवर ही साधारण दहा टक्के वाढ झाली! मागची बाजू खाली बसते, हेडलाईटचा झोत वर उठतो आणि वळणावर गाडी वेगळी वागते.

म्हणून जड वस्तू, म्हणजे हत्यारं किंवा पाण्याच्या बाटल्या, सीटमागच्या खड्ड्यात ठेवायच्या आणि कॅरियरवर फक्त कपड्यांच्या मऊ बॅगा. बांधायला ताणणारी रबरी दोरी पुरेशी नाही, कारण खड्ड्यात ती लांबते आणि बॅग उडते. न ताणणारे पट्टे वापरायचे, आणि त्यांचं मोकळं टोक चाकात जाणार नाही असं खोचून ठेवायचं. सायलेन्सर मागे निघत असेल तर बॅग आणि पट्टे त्याच्या गरम हवेपासून लांब ठेवायचे.

सहल संपली की कॅरियर काढून ठेवता आलं तर उत्तम. उगाच वजन वाहायचं नाही आणि जोडणीच्या जागी तडा गेलाय का, तेही तपासून होतं.

तर मंडळी, तुमच्याकडे सेव्हन नसेल, पण जीपच्या किंवा कारच्या टपावर कॅरियर असेलच ना? पुढच्या सहलीआधी खाली वाकून एकदा बघा, ते नक्की कशावर बसवलंय. आणि हो, ग्रुपमधल्या त्या 'बसेल रे अजून एक बॅग' म्हणणाऱ्या मित्राला हा लेख नक्की पाठवा!