विहीर आपली, पाणी सगळ्यांचं

आज आम्ही तुम्हाला आमच्या वसईची गोष्ट सांगणार आहोत.

पालघर जिल्ह्यात समुद्राला लागून आमची गावं आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, तेव्हापासून इथे चर्च आहेत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. राज्य बदललं, पण ख्रिस्ती कुटुंबं इथेच राहिली, मराठी बोलत, शेती करत. केळी, विड्याची पानं, फुलं, भाजी यांवर आमची घरं चालली. आमच्या आज्या भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठायच्या.

या बागा उभ्या होत्या गोड्या पाण्यावर. इथे जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी आहे. पावसाचं गोडं पाणी हलकं, म्हणून ते मुरून खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा. बैल दमला की उपसा थांबायचा. शिवाय गावोगावी बावखलं होती. बावखल म्हणजे मातीच्या तळाचं लहान तळं. ते पावसात भरायचं आणि सावकाश मुरून आजूबाजूच्या विहिरींना पाणी पुरवायचं.

1980 नंतरच्या दहा वर्षांत मुंबईची गर्दी इकडे सरकली. शेतं बांधकामासाठी विकली जाऊ लागली. नव्या इमारतींत नळ होते, पण त्यांना पाणी नव्हतं. मग टँकर आले. ते भरायचे आमच्याच गावांतल्या विहिरींवर. पंप दिवसरात्र चालू लागले. गोड्या पाण्याचा थर पातळ झाला, तसं खालचं खारं पाणी वर चढलं. शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. चहा फाटायचा, पानवेल करपायची.

इथेच खरी अडचण होती. पाणी विकणारे सगळे काही परके नव्हते. काही जण आमच्याच चर्चमध्ये, आमच्याच शेजारी बसून प्रार्थना करणारे होते. 'माझी जमीन, माझी विहीर, तुम्हाला काय त्याचं?' असं ते म्हणायचे. कोणाच्या घरी मुलीचं लग्न होतं, कोणावर कर्ज होतं. आपल्याच माणसाला चूक म्हणायचं कसं?

त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. धर्मगुरूने चर्चमध्ये प्रवचन करावं, मोर्चे कशाला काढावेत, असा आक्षेप तेव्हा पुष्कळांनी घेतला. त्याला उत्तर बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवलं, ते बागेची मशागत करायला आणि तिला राखायला. मशागत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत होतो. राखणं हेही देवाचंच काम आहे, हे तेव्हा नव्याने समजलं. शेजारणीची विहीर आटवून मिस्साला जायचं, हे मनाला पटेना.

आंदोलन एका धर्माचं नव्हतं. सगळ्या समाजांतले शेतकरी त्यात आले. बायका तर मोठ्या संख्येने उतरल्या, कारण पाणी भरणाऱ्या त्याच होत्या.

सगळं वाचलं असं आम्ही म्हणणार नाही. इमारती वाढल्या, बावखलं बुजली, पाणथळ जागी भराव पडले. जुलै 2018 च्या पावसात वसई दिवसच्या दिवस पाण्यात होती. पण पश्चिमेकडे अजून वाड्या आहेत, आणि बुजलेली बावखलं पुन्हा साफ करायला लोक पुढे येत आहेत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये पृथ्वीच्या जतनावर 'लाउदातो सी' हे पत्र लिहिलं. तो विषय आमच्या गावांना नवा नव्हता.

आता तर दफनविधीही बदलतो आहे. पॉलिश केलेली लाकडी शवपेटी मातीत लवकर कुजत नाही, आणि तिच्यासाठी झाडही जातं. म्हणून वसईतल्या अनेक धर्मग्रामांत मृतदेह पेटीशिवाय, साध्या सुती कापडात पुरतात. आपल्या माणसाला पेटीही नाही द्यायची, याने सुरुवातीला जीव कळवळला. पण येशूलाही तागाच्या कापडात गुंडाळूनच कबरेत ठेवलं होतं, हे आठवलं की मन शांत होतं. गरिबाघरचा खर्चही वाचतो.

फादर दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै 2024 मध्ये ते गेले.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात कदाचित चर्च नसेल, पण विहीर नक्की असेल. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या विहिरींत पाणी येतं कुठून, ती जागा आज कशी आहे, आणि आपल्यापैकी कोणी ती बुजवत तर नाही ना? शेवटचा प्रश्न विचारणं जड जाईल. आम्हालाही गेलं होतं.